सत्त्याऐंशीवी ओळ

थोरलीच्या लेकीला एक्केचाळिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर, मुलगी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा एका गुरुवारी सकाळी थोरली चहाचा कप उचलायला गेली आणि तिचा उजवा हात टेबलावरून उठलाच नाही. तिनं हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची तरी वस्तू आपल्या टेबलावर राहून गेली असावी, तसं पाहिलं. मग धाकटीकडे वळून ती काहीतरी बोलली, पण त्यात शब्द नव्हता, नुसता आवाज होता. पुढे रुग्णवाहिका आली, जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली, शेजारीण दार धरून उभी राहिली, हे सगळं झालं. बारा दिवसांनी थोरली परत आली ती चाकाच्या खुर्चीतून. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, डावा हात आणि डोळे तेवढे पूर्वीसारखे. डॉक्टरीणबाई मोठ्या सरळ होत्या. निघताना त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, "हा पहिला झटका नसावा. आधी आठवडाभरात एखादा बारीकसा येऊन गेला असेल, कुणाच्या लक्षात आला नसेल. काही वेगळं वागल्या होत्या का?" धाकटीनं नाही म्हणून मान हलवली. घरी आल्यावर, थोरलीला अंथरुणावर नीट लावल्यावर, ती मागच्या खोलीत गेली आणि टेबलावर तशीच पडलेली अर्धी शाल तिनं उचलली. टाके सुईवरून गळू नयेत म्हणून सुईच्या टोकांना बुचं लावावीत, एवढाच हेतू होता. आणि तिचा अंगठा जाळीत एका जागी अडला.

थोरली आणि धाकटी म्हणजे दोन सख्ख्या भावांच्या बायका. भाऊ दोघेही केव्हाच गेले आणि जावा मागे राहिल्या, चौतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या उजेडात समोरासमोर बसून जाळीच्या शाली विणत. कामाची वाटणी पहिल्या वर्षी पडली ती पडली. नव्या नमुन्याची पहिली शाल थोरली विणायची. ती कुणासाठी नसायची, कुणी सांगितली म्हणून नसायची; टाके घालताना ती "बघू तर खरं, काय होतंय" एवढंच पुटपुटायची. ती पुरी झाली की तिच्यावर बघून धाकटी दुसरी, तिसरी, दहावी विणायची आणि त्या दुकानात जायच्या. दुकानवाली बाई म्हणायची, "तुमच्या जाऊबाई डोकं, तुम्ही हात," आणि धाकटीला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. हाताला डोक्याचा हेवा वाटायचा तर आधी हाताला स्वतःचं डोकं हवं. दोघींनाही अक्षर येत नव्हतं. पण बावन्नाव्या वर्षी धाकटी, वाचनालयाच्या तळघरात मोठ्या माणसांचा सकाळचा वर्ग भरायचा तिथे जायला लागली. पहिले सहा महिने तिला अक्षरं म्हणजे गळालेले टाके वाटायची, एक सुटलं की खालपर्यंत सगळं सुटत जायचं. मग हळूहळू जमलं. तिथल्याच एका बाईंनी तिला चौकटीची वही दाखवली. एका चौकटीत एक टाका धरायचा, भोकाला गोल, जोडीला तिरकी रेघ, साध्या टाक्याला रिकामी चौकट. अख्खी शाल कागदावर उतरते. तेव्हापासून थोरलीची प्रत्येक शाल पुरी झाल्यावर धाकटी ती वहीत उतरवून ठेवायची. थोरली चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "काढ बाई, काढ. माणूस गेल्यावर फोटो मोठा करून घेतात तसं."

आता जाळी म्हणजे तरी काय, तर मुद्दाम पाडलेली भोकं. सुईवर धागा नुसता घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. वाढलेला टाका कुठेतरी मिटवायला हवा, म्हणून दोन टाके एकत्र विणून जोड घालायची. भोक आणि जोड शेजारी शेजारी नांदतात. सगळ्या पानांचं, लाटांचं, नक्षीचं गुपित एवढंच. या शालीवर सात पानं शेजारी शेजारी वर चढत होती; चोवीस ओळींत पान पुरं व्हायचं आणि त्याच्या डोक्यावर दुसरं उगवायचं. अशा तीन रांगा बिनचूक झाल्या होत्या. चौथ्या रांगेतल्या मधल्या पानात, सत्त्याऐंशीव्या ओळीवर, भोक होतं आणि शेजारी जोड नव्हती. धाकटीनं चष्मा लावला, शाल खिडकीपाशी नेली, मांडीवर काळं फडकं पसरून त्यावर ठेवली. जोड होती. एकोणीस टाके पलीकडे, पुढच्या पानाच्या पोटात, रुसून माहेरी गेल्यासारखी एकटी बसली होती. तिनं सुईवरचे टाके मोजले. एकशे एक्याऐंशी. एक कमी नाही, एक जास्त नाही. तिनं पुन्हा मोजले आणि आकडा तोच आला. तिला भीती वाटली, पण भीतीच्या मागे आणखी काहीतरी उभं होतं, टाचा उंच करून डोकावत असल्यासारखं.

जोड विसरणं काही मोठी गोष्ट नाही. सराईत हातही विसरतो. पुढे गेल्यावर बोटांना एक टाका जास्तीचा लागतो, आणि उसवायचा कंटाळा आला तर बाई जवळपास कुठेतरी गुपचूप दोन टाके एकत्र करते आणि तोंड फिरवून पुढे जाते. त्या दोघी याला चोरजोड म्हणायच्या. धाकटीनं जन्मात पुष्कळ चोरजोडी घातल्या होत्या, काही तर दुकानवालीच्या नाकासमोरून गेल्या होत्या. थोरलीनं एकही घातली नव्हती. थोरली तीन वेळा चुकलेली धाकटीला आठवत होती, आणि तिन्ही वेळा तिनं अख्ख्या ओळी उसवल्या होत्या, शिव्या न देता, दात न खाता, केस विंचरत बसल्यासारख्या. म्हणजे ही चोरजोड असेल तर ती घालणारी थोरली नव्हतीच. त्या सकाळी तिच्या जागी दुसरंच कुणी खुर्चीत बसलं होतं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तो बारीक झटका तो हाच. आणि थोरली जर शुद्धीत होती, तर हे तिनं मुद्दाम केलं होतं. तिसरी वाट नव्हती. जोड भोकाच्या आधी आली असती तर प्रश्नच मिटला असता, कारण न झालेली चूक आधीच कोण निस्तरतं? पण विणकाम उजवीकडून डावीकडे जातं आणि ही जोड भोकाच्या नंतरच पडली होती. बरं, मुद्दाम केलं म्हणावं तर पुढच्या ओळींत परत का नाही? त्यालाही उत्तर होतं. थोरलीला काही नवीन सुचलं की ती ते एकदाच करायची आणि मग चार दिवस तिकडे बघायचीच नाही, पोराला पाण्यात सोडून स्वतः भलतीकडे बघत उभ्या राहणाऱ्या बापासारखी. धाकटीनं अशी दोन्ही बाजूंनी वकिली केली आणि दोन्ही बाजूंनी ती जिंकत गेली. शेवटी तिनं वही उघडली, तारखेशिवाय एकच ओळ लिहिली, "ओळ ८७, जोड लांब," आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. अक्षरांपेक्षा हे चिन्ह तिला नेहमीच जास्त आवडायचं. त्याला कान असतो असं तिला वाटायचं.

थोरली दिवसाला चार ओळी विणायची. दोन जेवणाआधी, दोन जेवणानंतर. शाल म्हणजे तिची दिनदर्शिकाच. सुई एकशे दुसऱ्या ओळीवर थांबली होती. बुधवारच्या चार, मंगळवारच्या चार, सोमवारच्या चार वजा केल्या की सत्त्याऐंशीवी ओळ रविवारी पहिली येत होती, सकाळी दहाच्या आसपास. म्हणजे ती पडली तेव्हा धाकटी समोरच बसलेली होती, दोन हातांवर. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त बोचली. त्या रविवारी आपण काय करत होतो? लेक बाळाला घेऊन आली होती ती दुपारी. सकाळी धाकटी दुकानाच्या राखाडी शालीची किनार विणत होती, तेही आठवलं. थोरलीनं चष्म्याचं घर साखरेच्या डब्यात ठेवलं होतं. होय, ते रविवारचंच, कारण लेकीच्या चहाला साखर काढताना ते सापडलं आणि तिघीही हसल्या होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं? की ते हसण्यासारखंच होतं, आणि आता मागे वळून बघताना प्रत्येक गोष्टीचं तोंड काळं दिसायला लागलं होतं? थोरलीनं तिला दोनदा विचारलं होतं, गॅस बंद केलास का. पण गॅसचं कोण दोनदा विचारत नाही. धाकटी स्वतः तीनदा विचारते आणि चौथ्यांदा उठून बघून येते.

आणि मग दुसरं आठवलं. समोरच्या इमारतीची डागडुजी चालली होती. तिच्यावर बांबूंची परांची आणि परांचीवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. थोरली सुई हातात धरून खिडकीतून बघत होती आणि म्हणाली होती, "धाकटे, ती दोरी बघ गं. इथली सोडली, तिथे नेऊन बांधली, आणि अख्खी जाळी कशी मान वाकडी करून बसलीय." धाकटीनं "हं" म्हटलं होतं. मान वर केली नव्हती, कारण किनारीत तिचे टाके मोजायचे चालले होते. आता तिच्या डोळ्यांसमोर ते वाक्य लख्ख उभं राहिलं. इथली सोडली, तिथे नेऊन बांधली. पण ते कधीचं? शनिवारचं किंवा रविवारी सकाळचं असेल तर ओळ मुद्दाम पडली. सोमवारचं असेल तर ते नुसतं खिडकीतून बघणं. धाकटी दोन रात्री आणि दोन दिवस त्या वाक्याला वार शोधत राहिली. वाक्याला आवाज होता, उजेड होता, लोकरीचा वास होता, राखाडी किनार होती, वार नव्हता. माणसाच्या डोक्यात असलं सगळं साठतं आणि नेमकं हवं ते साठत नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि थोरलीच्या डोक्यात आता काय काय साठून राहिलं असेल, बाहेर यायला दार न मिळता, याचंही.

तिसऱ्या दिवशी तिनं थोरलीपाशी शेजारणीला बसवलं, पायात चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या मुकादमाला गाठलं. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी झापत होता. त्याचं संपेपर्यंत ती उभी राहिली.

"ती चौथ्या मजल्यावरची जाळी," ती म्हणाली, "कोपऱ्यातली. तिची दोरी सोडून पलीकडे बांधली, ते कुठल्या दिवशी?"

"का हो मावशी, काही पडलं का तुमच्याकडे?"

"नाही, काही पडलं नाही."

"मग धूळ येते का? धूळ येणारच. मी काय करू, इमारत धुऊन वाळत घालू?"

"धुळीचं नाही. मला फक्त वार हवाय. तीन आठवड्यांमागच्या त्या रविवारच्या आधी की नंतर?"

मुकादमानं फोन खिशात ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पालिकेच्या का?"

"मी समोरची. शाली विणते."

"बरं."

"शालीत एक चूक झालीय. म्हणजे, झालीय की नाही ते कळत नाही. ते तुमच्या दोरीवर अवलंबून आहे."

त्यानं वळून वर जाळीकडे बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, खरं सांगू? ती जाळी रोज कुठेतरी सुटते आणि रोज कुणीतरी कुठेतरी बांधतो. शनिवारीही बांधली असेल, सोमवारीही. आमच्यात त्याचं कुणी काही लिहून ठेवत नाही."

परत येताना तिला हसू फुटलं. रस्त्याच्या मधोमध, गाड्या थांबलेल्या असताना, साठी उलटलेली बाई एकटीच हसतेय. पण हसताना तिनं वर बघितलं. जाळीचा कोपरा खरोखरच दूरच्या बांबूला बांधलेला होता आणि मधला सगळा भाग तिरका ताणून धरला गेला होता, हजारो बारीक चौकटी एकाच दिशेनं कललेल्या. वाऱ्यानं त्या हलत होत्या. मागून गाडीवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत ती बघत राहिली.

लेक शनिवारी आली, बाळाला खांद्यावर टाकून, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. आईपाशी बसली, तिचा डावा हात चोळला, मग मागच्या खोलीत आली. धाकटीनं तिला शाल दाखवली आणि दाखवायला नको होती असं तिला त्याच क्षणी वाटलं.

"उसव, काकू."

"सोळा ओळी जातील. तिच्या हातच्या शेवटच्या."

"जाऊ देत. तू परत विण, तुझा हात आणि तिचा हात कुणाला वेगळा कळणारेय? आई बरी असती तर तिनंच उसवली असती."

"बरी असती तर झालीच नसती. नाहीतर मुद्दाम झाली असती."

"तू आणि तुझं नाहीतर." लेकीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा आवाज बाळाला उठवणार नाही इतका खाली होता आणि त्यामुळेच जास्त लागला. "ही मोठी होईल. ती शाल पांघरेल. मला तिला सांगायचंय की आजीनं विणली. इथे आजीचं डोकं गेलं, असं बोट ठेवून दाखवायचं नाहीये मला. कळतंय का तुला?"

धाकटीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच लेक गेल्यावर तिनं पांढरा सुती धागा सुईत ओवला आणि शहाऐंशीव्या ओळीच्या एकेका टाक्यातून तो आरपार नेला. उसवण्याआधी असा राखणीचा धागा घालायचा असतो. वरचं सगळं सोडलं तरी उसवण धाग्यापाशी थांबते, खालचा एक टाका सुटत नाही. एकशे एक्याऐंशी टाके. धागा ओवून झाल्यावर तिनं सुई काढायला हात घातला आणि काढली नाही. उसवली, तर थोरली रविवारपासूनच गेली असं आपण आपल्या हातानं कबूल केलं. नाही उसवली, तर आजाराला त्या जाळीत कायमचं घर दिलं, किंवा थोरलीच्या शेवटच्या विचाराला दिलं, आणि यातलं कुठलं हे जन्मभर कळणार नाही. आणि न कळताच पुढे काय विणायचं? आजवर तिनं संपलेल्या शालीवर बघून शाली विणल्या होत्या. समोर शाल नसताना पुढची ओळ कशी असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं थोरलीला विचारून बघितलं, नाही असं नाही. उशा लावून तिला बसवलं, शाल तिच्या मांडीवर पसरली, डावा हात उचलून त्या जागेवर ठेवला. "वहिनी, हे तुम्ही मुद्दाम केलंत का? मुद्दाम असेल तर बोट दाबा." थोरलीनं बोट दाबलं. मग धाकटीनं खात्री करायला हात खालच्या साध्या ओळीवर ठेवला आणि तोच प्रश्न विचारला, आणि थोरलीनं तिथेही दाबलं, मग किनारीवरही, मग नुसत्या चादरीवरही, आणि मग तिनं पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. तिला तहान लागली होती. पाणी पिताना ती धाकटीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात मजा होती की दया की काहीच नव्हतं, हे धाकटीला वाचता येईना. अक्षरं शिकली, पण हे कुठल्या वर्गात शिकवतात?

तेव्हा तिनं ठरवलं की विचारायचं बंद करायचं आणि विणून बघायचं. उरलेली पांढरी लोकर घेतली, साठ टाके घातले आणि एक तुकडा विणला. प्रत्येक सुलट ओळीत, म्हणजे दर दुसऱ्या ओळीत, भोक इथे आणि जोड एकोणीस टाके पलीकडे. चाळीस ओळी झाल्या तेव्हा हातात जे आलं ते बघून तिला शरम वाटली. चुण्या पडलेलं, एका बाजूला ओढलेलं, कुणी घाईत टाके मारून दिलेल्या फाटक्या बाहीसारखं. झालं, चूकच होती, असं ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि म्हणता म्हणता तिला आठवलं की सुईवरून उतरलेली कुठलीच जाळी आजवर सुंदर दिसलेली नाही. थोरलीच्या उत्तमातल्या उत्तम शालीसुद्धा आधी चोळामोळा पोतेरंच असायच्या. त्यांना भिजवावं लागतं, ओल्या असताना ताणून टाचण्यांनी जखडावं लागतं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नसतो. तिनं तुकडा कोमट पाण्यात बुडवला, टॉवेलात दाबला आणि जुन्या उशीवर ताणून एकेक टाचणी लावत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचण्या काढल्या. भोक आणि जोड यांच्यामधले सगळे टाके एका बाजूला कलले होते. कुणी ढकलल्यासारखे नाही. गवत कलतं तसे, मुळापाशी सरळ आणि मग हळूहळू तिरके. खालची कड सरळ राहिली नव्हती, तिला लाट आली होती. हे सुंदर होतं का, ते तिला सांगता आलं नसतं. असं काही तिनं आधी बघितलेलं नव्हतं, एवढं नक्की. ती तुकडा उजेडात धरून फिरवत राहिली. असंच कलत नेलं तर शाल तिरपागडी होईल, अंगावर बसणार नाही, घसरेल. म्हणजे कुठेतरी हे परत फिरवायला हवं. कुठे? एकदम, की थोडं थोडं? एकोणीस टाक्यांचं अंतर कमी करत आणायचं, की जोड उचलून भोकाच्या दुसऱ्या अंगाला टाकायची? सत्त्याऐंशीवी ओळ यातलं काहीच सांगत नव्हती. ती नुसती एक पाऊल टाकून उभी होती.

संध्याकाळी थोरलीला सूप भरवताना धाकटीचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्ये थांबला आणि थांबूनच राहिला. थोरलीनं वाट बघितली, मग डाव्या हाताच्या बोटांनी वाटीवर टकटक केलं. "हो हो," धाकटी दचकून म्हणाली, "देते." आणि तिच्या ध्यानात आलं की गेला तासभर तिनं एकदाही, चूक की मुद्दाम, हा विचार केला नव्हता. ती परत फिरण्याच्या जागेचा विचार करत होती. चौतीस वर्षं समोर बसून थोरलीच्या कपाळावर जी आठी ती बघत आली होती, ती आतून अशी असते तर. त्रासाची वाटायची. त्रासाची नव्हतीच, खाज सुटल्यासारखी होती.

सकाळी तिनं राखणीचा धागा ओढून काढला आणि एकशे तिसरी ओळ विणायला घेतली.

लेकीला पुढच्या भेटीत कळलं. तिनं शाल हातात घेतली, बोटांनी मोजलं, कपाळाला हात लावला. "उसवलं नाहीस."

"नाही."

"आणि पुढे गेलीस."

"जवळजवळ चार बोटं."

"काकू, हे सगळं तिरकं चाललंय. तुला दिसतंय ना?"

"दिसतंय. परत आणायचंय. कुठून आणायचं ते अजून सापडलं नाही."

लेक खुर्चीत बसली. आईच्या खुर्चीत. बाळ मांडीवर हात हलवत होतं. "आणि हिनं विचारलं, आजीनं इथे असं का केलं, तर काय सांगू?"

"सांग की इथून कलायला लागली."

"का लागली?"

"ते मलाही बघायचंय," धाकटी म्हणाली, आणि लेकीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं घरातल्या रोजच्या कपाटात एखादा कप्पा नव्यानं सापडावा. ती रागावली होती, आणि राग पुरता गेला नाही. पण पुढच्या शनिवारी आली तेव्हा बाळाला शेजारणीकडे देऊन ती आधी मागच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "कुठवर आली गं?"

सत्त्याण्णव दिवस लागले. थोरलीचं उठणं-बसणं, औषधं, व्यायामवाली बाई, दुकानाचं काम, या सगळ्यातून दिवसाला दोन ओळी, कधी एक. धाकटीनं चौकटीची वही एकदाच उघडली आणि मिटली. न झालेली शाल त्यात काढता येईना. दोनदा तिनं उसवलं, एकदा बारा ओळी, एकदा तीस, आणि उसवताना तिला वाईट वाटलं नाही. एकशे नव्व्याण्णवाव्या ओळीवर तिला जागा सापडली. तिनं जोड उचलून भोकाच्या आधी आणली, एका टाक्यावर, मग पुढच्या सुलट ओळीत दोन टाक्यांवर, मग तीन. कललेलं गवत दुसऱ्या अंगाला वळू लागलं आणि मधल्या दहा-बारा ओळींत ते कुठल्याच बाजूला नव्हतं, नुसतं उभं होतं. ही जोड भोकाच्या आधी होती. ही चुकून पडली असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

शाल धुऊन तिनं मागच्या खोलीत जमिनीवर गादी घातली आणि दोनशे चाळीस टाचण्यांनी ती तिच्यावर ताणली. सकाळचे अकरा वाजले होते. लेक आली होती. दोघींनी मिळून थोरलीची खुर्ची गादीच्या कडेला आणली, पुढे ओणवता येईल अशी उशी पाठीशी लावली, चष्मा चढवला. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. धाकटी गादीच्या पलीकडच्या अंगाला गुडघ्यांवर बसली आणि तिनं थोरलीच्या डाव्या हाताकडे डोळे लावले. इतके दिवस तिनं स्वतःला हेच सांगितलं होतं, की समोर पुरी शाल असेल तेव्हा तो हात आपोआप सांगेल. सत्त्याऐंशीव्या ओळीवर थांबला तर एक, नाही थांबला तर दुसरं.

थोरलीनं हात खाली सोडला. बोट पहिल्या रांगेच्या पानांवरून निघालं, दुसरी, तिसरी. चौथ्या रांगेत मधल्या पानावरून ते सत्त्याऐंशीव्या ओळीला लागलं आणि तिच्यावरून तसंच पुढे गेलं, रोजच्या रस्त्यावरचा खांब मागे पडावा तसं. धाकटीला त्यातून काहीच कळलं नाही. बोट कललेल्या टाक्यांवरून सरकत राहिलं आणि एकशे नव्व्याण्णवाव्या ओळीपाशी आलं, आणि तिथे ते थांबलं. चार टाके मागे गेलं. परत पुढे आलं. भोकावर टेकलं, मग जोडीवर, मग वरच्या ओळीतल्या भोकावर आणि तिच्या जोडीवर. थोरली पुढे वाकली. तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण धाकटीला ते ओठ पाठ होते. ती मोजत होती. मध्येच मोजणी चुकली, ती थांबली, तिच्या कपाळावर आठी पडली, आणि तिनं बोट पुन्हा पहिल्या भोकावर नेलं. परक्या बाईच्या अंगावर एखादी न बघितलेली शाल दिसली की ती असंच करायची; बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही, उतरायचा थांबा निघून जाईपर्यंत.

धाकटीला काहीतरी विचारायचं होतं. काय, ते तिला त्या वेळी आठवेना.

"वहिनी, अजून ओली आहे," ती म्हणाली. "बोट लावू नका, टाचण्या निघतील."

थोरलीनं तिचा हात बाजूला सारला, वर न बघताच, आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

थोरली त्यानंतर सव्वीस दिवसांनी, सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला, आणखी एका झटक्यानं गेली. तिचं वय चौऱ्याहत्तर होतं.